अर्थशास्त्राबरोबर ‘मानवसेवा व समुपदेशन’ हा मायनर विषय घ्यावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढील वर्षापासून अर्थशास्त्र हा माझा मेजर (मुख्य) विषय राहील, हे नक्की झाले आहे. मायनर (जोड) विषयाची पसंती मात्र पंधरा दिवसांत नोंदवायची आहे आणि माझ्यासमोर संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि ‘मानवसेवा व समुपदेशन’ असे तीन पर्याय आहेत. मायनरचे सर्व सत्रांचे मिळून साधारण वीस श्रेयांक आहेत.

माझे वडील एस.टी.मध्ये वाहक आहेत. अर्थशास्त्राला संख्याशास्त्राची जोड दिली तर बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीला उपयोग होईल, असे त्यांचे मत आहे आणि ते मला चुकीचे वाटत नाही. तरीही माझा ओढा तिसऱ्या पर्यायाकडे आहे. गेले काही महिने माझी एक मैत्रीण रात्री उशिरापर्यंत माझ्याजवळ मन मोकळे करते. मी तिला धीर देते, काय करावे तेही सांगते. पण ती निघून गेल्यावर आपण बोललो ते योग्य होते की तिला आणखी एकटे पाडणारे होते, हे मला समजत नाही. हे नीट शिकता येते का, असा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा मायनर घेतल्यास पदवीनंतर समुपदेशक म्हणून काम करता येईल का? मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांतील पदव्युत्तर शिक्षणाला त्याचा उपयोग होतो का? आणि मानसशास्त्र हा मायनर आणि हा मायनर यांत खरा फरक कोणता?

(संपादित: मैत्रिणीविषयीचा काही तपशील मी नंतर काढून टाकला आहे. त्याचे कारण पहिल्या उत्तरात आहे.)

पर्यवेक्षक_पुणे

मी समाजकार्य महाविद्यालयात बावीस वर्षे क्षेत्रकार्याचे, म्हणजे विद्यार्थी संस्थांमध्ये जाऊन प्रत्यक्ष जे काम करतात त्याचे, पर्यवेक्षण करते आहे. प्रश्नांकडे वळण्याआधी एक विनंती करते. तुमच्या लेखनात मैत्रिणीचे गाव, तिचे वसतिगृह आणि तिच्या घरातील एक घटना असे तिन्ही तपशील आले आहेत. तुमच्या महाविद्यालयातील कोणीही ते वाचले तर ती कोण हे त्याला लगेच ओळखता येईल. कृपया तेवढा भाग काढून टाका. तुमचा हेतू चांगलाच आहे, याविषयी मला शंका नाही; पण समोरच्या माणसाने आपल्यापाशी ठेवलेली गोष्ट आपली नसते, हे या विषयात पहिल्या आठवड्यात शिकवले जाते आणि पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा शिकावे लागते.

आता मूळ मुद्दा. अशा मायनरचे मोल त्यातील क्षेत्रकार्यावर आणि त्या क्षेत्रकार्याची नोंद कोणीतरी बारकाईने वाचते का, यावर ठरते. बाकीचा अभ्यासक्रम, म्हणजे कार्ल रॉजर्स यांचा व्यक्तिकेंद्री दृष्टिकोन, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, वैयक्तिक समाजकार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन, हे सर्व ग्रंथालयात बसूनही वाचता येते. ऐकणे मात्र वाचून येत नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यातील तपशील बदलले आहेत. आमची एक विद्यार्थिनी महानगरपालिकेच्या दवाखान्यात क्षेत्रकार्याला जात होती. तेथे क्षयरोगाची औषधे मध्येच सोडलेल्या एका महिलेशी बोलण्याचे काम तिच्याकडे आले. विद्यार्थिनीने रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे क्षेत्रकार्याच्या लेखी नोंदीत, लिहिले होते, ‘मी रुग्णास सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण करण्याचे महत्त्व समजावून सांगितले. रुग्णाने होकार दिला.’ आय.सी.मध्ये, म्हणजे पर्यवेक्षकाबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, मी तिला एवढेच विचारले, की तुम्ही समजावण्याच्या आधी ती बाई नेमके काय बोलली होती? विद्यार्थिनीला ते आठवेना. पुढच्या आठवड्यात तिने फक्त ऐकायचे, असे आम्ही ठरवले. तेव्हा कळले, की औषधे घेण्यासाठी त्या बाईंचा अर्धा दिवस जात होता आणि धुण्याभांड्याच्या दोन घरांचे काम त्यामुळे सुटले होते. पोषणासाठी शासनाकडून खात्यावर जमा होणारे पैसेही आले नव्हते, कारण त्यांच्या नावाचे चालू बँक खातेच नव्हते. निक्षय पोषण योजनेतून ही रक्कम २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली आहे. विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर बँकेत गेली आणि दवाखान्यातील कर्मचाऱ्यांशी बोलून औषधांची वेळ बदलून घेतली. मन मोडल्याचे, नवऱ्याला आजार सांगण्याची भीती वाटत असल्याचे त्या बाई त्यानंतरच्या भेटींत बोलल्या, आधी नाही.

मानवसेवा आणि समुपदेशन ही दोन नावे एकत्र का येतात, हे मला या प्रसंगाहून चांगले सांगता येणार नाही. दुःखाचा काही भाग मनात असतो आणि काही भाग रेशनकार्डात, बँकेच्या खात्यात, बसच्या वेळापत्रकात असतो. नुसते मानसशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला दुसरा भाग दिसायला वेळ लागतो. उलट नुसत्या योजना माहीत असलेला माणूस अर्ज भरून देतो, पण समोरची व्यक्ती का थांबली आहे हे त्याला ऐकू येत नाही. तुम्ही अर्थशास्त्र शिकणार आहात. कर्ज, मजुरी, बचत गट यांच्याकडे तुम्ही एरवीही पाहणारच आहात. या मायनरमुळे ते कर्ज ज्या घरात आहे त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत तुम्ही पोहोचाल. मानसशास्त्र या मायनरमध्ये स्मृती, बोधन, व्यक्तिमत्त्व, विकास, संशोधन पद्धती यांचा पाया अधिक भक्कम होतो, हेही मान्य केले पाहिजे. संशोधनाची आवड असेल तर तोच निवडावा.

म्हणून पसंती नोंदवण्याआधी विभागात जाऊन विचारा, की क्षेत्रकार्य आठवड्याला किती तास आहे, कोणत्या संस्थांमध्ये आहे, एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत आणि रेकॉर्डिंग वाचून आय.सी. घेतली जाते का. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी असतात. मायनरमध्ये तेवढे मिळणार नाही, पण जे मिळेल ते पर्यवेक्षणासह मिळायला हवे. विद्यार्थी शाळेत पाठवले जाणार असतील तर हा प्रश्न आणखी गंभीर होतो. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार त्याची माहिती पोलिसांना देणे ऐकणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन चालत नाही. एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे ओझे एकट्याने उचलावे, अशी अपेक्षा कोणत्याही विभागाने ठेवू नये.

उपजिल्हा_समुपदेशक

मी उपजिल्हा रुग्णालयातील मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशक आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो, कारण या बाबतीत विद्यार्थ्यांची फसगत झालेली मी पाहिली आहे.

केवळ मायनरच्या बळावर समुपदेशक म्हणून काम करता येणार नाही आणि कोणी तसे आश्वासन देत असेल तर सावध राहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ता यांच्या व्याख्या दिल्या आहेत आणि त्या दोन्हींसाठी पदव्युत्तर पातळीचे व त्यापुढील प्रशिक्षण गृहीत धरलेले आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्याशिवाय २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. त्यात वर्तनविषयक आरोग्य विज्ञान असा स्वतंत्र गट असून मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश त्या गटात केलेला आहे. शासकीय कार्यक्रमांतील समुपदेशकाच्या जागांच्या जाहिराती वाचल्या तर बहुतेक ठिकाणी एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मागितलेली दिसेल. माझी स्वतःची निवड एम.एस.डब्ल्यू.वर झाली.

पुढील शिक्षणाविषयी सांगायचे, तर एम.एस.डब्ल्यू.साठी सर्वसाधारणपणे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मुलाखत असेल तर तेथे क्षेत्रकार्याचा अनुभव बोलतो. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी मात्र विद्यापीठानुसार अटी वेगळ्या आहेत. काही ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असणे आवश्यक मानले जाते, काही ठिकाणी नाही. ज्या विद्यापीठात जायचे मनात आहे, त्याचे माहितीपत्रक आजच पाहून ठेवावे. पूर्वी ज्यांना नियमित प्रवेश मिळत नसे ते दूरशिक्षणाने मानसशास्त्राची एम.ए. करीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह वर सांगितलेल्या २०२१ च्या कायद्याच्या कक्षेतील विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. त्यामुळे ‘आधी काहीही करू, नंतर घरबसल्या मानसशास्त्र करता येईल’ हा जुना सल्ला आता कोणी दिला तर तो ऐकू नये.

एवढे सगळे सांगूनही मी हा मायनर घ्या असेच म्हणेन. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी अनेक जणी आशाताईंच्या शब्दाखातर येतात. आशाताई समुपदेशक नाहीत, पण कोणाला कधी, कोणाकडे पाठवायचे हे त्यांना कळते आणि पाठवताना त्या मुलीला अपराधी वाटू देत नाहीत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील १०.६ टक्के प्रौढांमध्ये त्या वेळी मानसिक आजार आढळला आणि त्यांतील बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. मधली ही दरी केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून भरून निघणार नाही. बँकेत, पतसंस्थेत, पंचायत समितीत बसलेल्या माणसाला नीट ऐकता आले आणि वेळेवर पुढे पाठवता आले, तर तेही या क्षेत्राचेच काम आहे.

तिसरे_वर्ष_मुंबई

मी थोडा वेगळा अनुभव मांडतो. मेजर-मायनरची रचना आणणारे नवे शैक्षणिक धोरण आमच्या स्वायत्त महाविद्यालयात २०२३ मध्ये लागू झाले आणि आम्ही पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आहोत. मी वाणिज्य शाखेतून याच प्रकारचा मायनर घेतला. महाविद्यालयाचे नाव मी येथे देणार नाही.

आमच्या वर्गात ऐंशीहून अधिक विद्यार्थी होते आणि विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे होता, त्यामुळे जवळपास प्रत्येक सत्रात शिक्षक बदलले. समुपदेशनाची कौशल्ये, म्हणजे आशयाचे पुनर्कथन, भावनांचे प्रतिबिंबन, मुक्त प्रश्न विचारणे, ही आम्ही व्याख्या म्हणून पाठ केली आणि बहुपर्यायी प्रश्नांत त्यांवर खूण केली. तिघांच्या गटात एकाने समुपदेशक, दुसऱ्याने समुपदेशार्थी आणि तिसऱ्याने निरीक्षक होऊन सराव करायचा असतो, हे मला एका सुटीतील कार्यशाळेत समजले. तीन सत्रांत मी वर्गात एकदाही कोणाचे दहा मिनिटे सलग ऐकले नव्हते. क्षेत्रभेट म्हणजे एका वृद्धाश्रमातील एक दुपार आणि त्या दुपारची छायाचित्रे.

त्या वृद्धाश्रमातील आजोबांना आम्ही नेमके काय दिले, हा प्रश्न मला अजून त्रास देतो. चाळीस मुले आली, गाणी म्हटली आणि निघून गेली. म्हणून पर्यवेक्षक ताईंनी सांगितलेले प्रश्न विभागात जाऊन विचाराच, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर संख्याशास्त्र घ्या. चांगले शिकवलेले संख्याशास्त्र हे वाईट शिकवलेल्या समुपदेशनापेक्षा निःसंशय बरे, कारण दुसऱ्यात आपल्याला काही येते असा भ्रम निर्माण होतो आणि तो भ्रम समोरच्या माणसाला महागात पडू शकतो.

सातासमुद्रापार

मी मूळची नाशिकची असून अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात सामाजिक सेवेच्या क्षेत्रात काम करते. फक्त विषयाच्या नावापुरते लिहिते. ‘मानवसेवा’ हे नाव तुमच्याकडे नवे वाटत असले तरी ती इकडच्या ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ या अभ्यासशाखेची छाया आहे. १९६३ मध्ये येथे सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा झाला, मोठ्या मनोरुग्णालयांतील लोक समाजात परत येऊ लागले आणि डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ यांच्या जोडीला घर, नोकरी, औषधे, न्यायालय अशा सर्व ठिकाणी त्या माणसाबरोबर जाऊ शकेल असा सर्वसाधारण कार्यकर्ता हवा झाला. त्याला शिक्षण देण्यासाठी हे अभ्यासक्रम निघाले. इकडेही पदवीला हा विषय घेतलेली व्यक्ती स्वतंत्रपणे समुपदेशन करू शकत नाही. परवान्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर देखरेखीखाली केलेल्या कामाचे हजारो तास लागतात.

महाराष्ट्राला मात्र ही कल्पना उसनी घ्यावी लागली, असे मला वाटत नाही. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा १९३६ मध्ये सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. याच संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसते, मारहाण झालेल्या बाईचे ऐकून घेते आणि तिला तक्रार, निवारा, वकील यांतील जे हवे ते मिळवून देते. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे इतरांना आधार देऊ लागली. अभ्यासक्रमात ही उदाहरणे शिकवतात का, हेही विचारून पाहा. परदेशी पाठ्यपुस्तकातील प्रकरणांपेक्षा तुम्हाला ती अधिक उपयोगी पडतील.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल विभागात जाऊन आले. या मायनरला तीस विद्यार्थी घेतले जातात, दुसऱ्या सत्रापासून आठवड्यातील एक सकाळ क्षेत्रकार्यासाठी असते आणि ग्रामीण रुग्णालय व एका बालगृहाशी महाविद्यालयाचा करार आहे. रेकॉर्डिंग दर पंधरा दिवसांनी पाहिले जाते, पण आय.सी. स्वतंत्र होत नाही. ती गटात होते. शिक्षिका कायमस्वरूपी आहेत आणि त्यांनी माझे सर्व प्रश्न न रागावता ऐकले.

वडिलांना मी उपजिल्हा समुपदेशक सरांचे उत्तर वाचून दाखवले. पतसंस्थेविषयीचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. संख्याशास्त्र ओपन इलेक्टिव्हमधून (खुल्या ऐच्छिक विषयांतून) घेता येते का, हे मी पाहणार आहे.

एक गोष्ट राहिली. अभ्यासक्रम सुरू व्हायला अजून काही महिने आहेत. मैत्रीण तोवर थांबणार नाही. आज रात्री ती आली तर मी काय करावे?

पर्यवेक्षक_पुणे

गटातील आय.सी. चालेल. तिला आम्ही जी.सी., म्हणजे गटातील चर्चा, म्हणतो आणि दुसऱ्याच्या चुकांवरून शिकण्यासाठी ती चांगलीच असते. मात्र एखादी गोष्ट गटात बोलणे योग्य नसेल तर शिक्षिकांकडे स्वतंत्र वेळ मागायला संकोच करू नका.

आज रात्रीविषयी. सल्ला देऊ नका. समुपदेशन या शब्दात उपदेश दडलेला आहे आणि मला वाटते, त्या शब्दानेच आपल्याकडे बराच गोंधळ केला आहे. तिने जे सांगितले ते तुमच्या शब्दांत तिला परत सांगा आणि ‘मला बरोबर समजले का?’ असे विचारा. ती गप्प राहिली तर ती शांतता भरून काढू नका. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे ती काही बोलली असेल, तर ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला जागा मिळते. उत्तर होय असेल तर तिला एकटे सोडू नका आणि त्याच रात्री वसतिगृहाच्या अधीक्षिकांना किंवा तिच्या विश्वासातील मोठ्या माणसाला बोलवा. ही गोष्ट गुप्त ठेवण्याची नाही, असे तिला आधी सांगून मगच बोलवा.

टेली मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. फोन शक्यतो तिने स्वतः लावावा. पहिल्यांदा तो क्रमांक दाबणे फार जड जाते, म्हणून तुम्ही शेजारी बसा. तिला नको असेल तर कॉल चालू असताना खोलीबाहेर थांबा.

आणि तुमच्या झोपेचीही एक वेळ ठरवा. ‘अकरापर्यंत मी तुझ्याबरोबर आहे, उद्या पुन्हा बसू’ असे म्हणणे म्हणजे तिला टाळणे नव्हे. जीव धोक्यात असेल त्या रात्री मात्र हा नियम लागू नाही.

कृष्णाकाठ

वाचले आणि वहीत उतरवून ठेवले. मायनरची पसंती आज सकाळी नोंदवली. मैत्रिणीविषयी यापुढे येथे काही लिहिणार नाही.